तपकिरी गिटार

पावसाळ्यात आमच्या घरासमोरचा रस्ता गप्प व्हायचा आणि त्या गप्पपणाने माझं डोकं फिरायचं. एरवी डिचोलीच्या त्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक सकाळपासून एकामागून एक जात. खाणीवरून भरून नदीकाठच्या धक्क्याकडे जायचे, रिकामे होऊन परत यायचे. भरलेला ट्रक खालच्या, जड आवाजात जाई, रिकामा खडखडत येई, आणि डोळे मिटून पडलेली असतानाही कुठला कुठे चाललाय ते मला कळे. मांडणीवरचे पेले किणकिणत. आई ओसरी पुसून वर बघते तोवर तिथे पुन्हा लाल थर बसलेला असे. बाहेरगावचे पाहुणे आले की कपाळावर हात मारून विचारत, "तुम्ही इथे राहता तरी कसे?" मला मात्र पाऊस लागून खाणी बंद झाल्या की झोप येईनाशी व्हायची. बाबांचा स्वतःचा ट्रक होता; तो परसात ताडपत्रीखाली उभा राही आणि बाबा घरात. अंगावरची लाल धूळ धुऊन गेल्यामुळे पावसाळ्यात ते कोणी तरी दुसरेच वाटत. सुरुवातीचे काही दिवस मी त्यांना जरा बिचकूनच असे.

त्या काळात मी कॉलेजात होते आणि माझा पाय घरात ठरत नव्हता. काय हवंय ते कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. खिडकीत बसले की दारात जावंसं वाटे, दारात गेले की रस्त्यावर. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा कोपऱ्यावर वाजायच्या आधीच मी पावांसाठी टोपली घेऊन फाटकाशी उभी असे, आणि त्याने गरम उंडे टोपलीत टाकले की पुढे दिवसभर काय करायचं असा प्रश्न पडे. दुपारी जेवताना पाटावर बसल्या बसल्या माझा अंगठा मांडीवर ठेका धरायचा. समोर उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण, वाटीत सोलांची कढी, आणि माझं लक्ष अंगठ्याकडे. आई ओरडायची, "सुविधा, जेवताना तरी ढोलकी नको गो!" आता माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, लग्न होऊन पेडण्यात येऊनही जमाना झाला, पण हा अंगठा काही सुधारला नाही. आमच्या घरावरून मोपाकडे उतरणारी विमानं जातात, खिडकीची काच थरथरते, आणि भाजी चिरता चिरता मी त्या थरथरीखाली ठेका धरलेला असतो. नवरा म्हणतो, तुझ्या आईने सांगितलं होतं, पण मी ऐकलं नाही.

अंगठ्याला ही सवय कुठून लागली ते सांगायचं तर घुमटाकडे जायला हवं. आमच्याकडे चवथीच्या आरतीला घुमट वाजतं. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं; मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, लहान तोंड मोकळं. उजवा हात चामड्यावर पडतो आणि डावा तळवा मागचं लहान तोंड झाकतो, उघडतो. त्या झाकण्या-उघडण्यातून आवाज कधी आत ओढला जातो, कधी बाहेर सोडला जातो. आमच्या वाड्यावर बाबांसारखं घुमट वाजवणारा दुसरा नव्हता. डिचोलीतल्या कुंभाराकडे ते स्वतः जात, मडकी एकेक करून कानाशी धरत, बोटाच्या पेराने टकटक करत आणि त्यातलं एखादंच घेऊन येत. चवथीच्या दिवसांत हवा ओली असते, चामडं सैल पडतं, आवाज बसतो. म्हणून आरतीच्या आधी घुमटं तापवायची असतात. ऊन असलं तर अंगणात, नसलं तर चुलीवरच्या बांबूच्या मांडणीला टांगून. तिथेच आईचं बियाणं, सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि पापडाचे डबेही असत. भाद्रपदात अख्ख्या घरात कोरडी म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती.

मला घुमट हवं होतं. लहान होते तेव्हापासून हवं होतं, आणि मागितलं की बाबा शांतपणे सांगत, "बायलांनी घुमट धरूक नाय." का नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, त्यांना ते ठाऊकही नसावं. माझ्या हातात झांज येई. माझ्याहून लहान चुलत भावाच्या मांडीवर घुमट बसे, तो दर ओळीला चुकत असे, आणि मी झांज अशी आपटत असे की आई डोळे वटारायची. आता मुलींची घुमट-आरती पथकं आहेत, स्पर्धा जिंकतात. मी बघायला जाते, टाळ्या वाजवते आणि मनात थोडी जळतेसुद्धा. खोटं कशाला बोलू?

बास गिटार मला आन्सीच्या घरी भेटली. आन्सी माझ्या वर्गातली. तिचा भाऊ बोटीवर नोकरीला गेला आणि जाताना आपली बास कपाटाच्या वर टाकून गेला. आन्सीने ती खाली काढली, धूळ झटकली, जुन्या स्पीकरला वायर लावली आणि सगळ्यात जाड तार नुसती छेडली. तो सूर मला कानात ऐकू आला नाही, पोटात आला. भरलेला ट्रक घरासमोरून जाताना जे पोटात व्हायचं तेच. मी म्हटलं, "दे इकडे." त्या दिवशी ती माझ्या मांडीवर आली ती भाऊ परत येईपर्यंत म्हणून त्या स्पीकरसकट माझ्या घरीच आली. आईने कपाळाला आठ्या घातल्या. बाबांनी गिटार उलटीसुलटी करून बघितली आणि काही बोलले नाहीत. बोलणार काय? ही वस्तू आमच्या वाडवडिलांपैकी कोणी पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे बायलांनी ती धरू नये असं कोणी ठरवूनही ठेवलं नव्हतं.

राजनदादाच्या ऑर्केस्ट्रात मी शिरले तेव्हा मला धड एक गाणंही सलग येत नव्हतं. राजनदादाचं बाजारात विजेच्या सामानाचं दुकान होतं. दुकानामागच्या गोदामात वायरींच्या भेंडोळ्यांमध्ये आमचा सराव चाले. तो स्वतः कीबोर्ड वाजवी, प्रकाश नावाचा मुलगा गायचा, एक जण ऑक्टोपॅडवर, आणि बासवाला लग्न होऊन मडगावला गेल्यामुळे त्या कोपऱ्यात मी. ठेका माझा पक्का होता, त्याबद्दल राजनदादाने कधी तक्रार केली नाही. तक्रार गिटारीची होती. तारा लाकडापासून इतक्या उंच होत्या की दाबून दाबून बोटांच्या टोकांना फोड येत. एक खुंटी सरकायची, म्हणजे गाणं सुरू करताना सुरात असलेली तार गाणं संपेपर्यंत गाळात. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांपैकी मधल्या दोनांवर बोट ठेवलं की सुराऐवजी झणझण येई. आणि वायरीच्या भोकात काही तरी सैल असल्यामुळे मी जरा वळले की स्पीकरमधून भजी तळल्यासारखा चरचराट. प्रकाश म्हणायचा, "सुविधा वळली रे वळली."

आषाढात राजनदादाने मला बाजूला घेतलं. चवथीत बाजारातल्या सार्वजनिक गणपतीसमोर आमचा कार्यक्रम ठरला होता. माझा तो पहिलाच. "हे बघ, सुविधा," तो म्हणाला, "हात तुजो बरो आसा. पण ह्या डब्यान स्टेजीर चडूक मी तुका दिवचंय नाय. सांखळीचो एक भुरगो आसा, तेची सोताची गिटार आसा. तो विचारता माका, कधी येऊ म्हणून." एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. तो इतक्या साधेपणाने बोलला की मी घरी येईपर्यंत त्या सांखळीच्या न पाहिलेल्या मुलाचा चेहरा, केस, बूट, सगळं मनात तयार करून त्याचा द्वेष करायला लागले होते. मला त्या स्टेजवर उभं राहायचं होतं. त्या वयात माणसाला दहा गोष्टी हव्या असतात. मला ही एकच होती, आणि ती माझ्या हातून जाणार असं दिसत होतं.

बाबांना मी जेवताना सांगितलं. त्यांनी भात कालवता कालवता ऐकलं, पैशाचं काही विचारलं नाही, आणि हात धुताना म्हणाले, "फाल्यां पणजेक वचूया." मी रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी बसमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात मी एक काळी, चकचकीत, पाच तारांची गिटार वाजवत होते. आन्सीने कुठल्या तरी मासिकातून तिचं चित्र फाडून मला दिलं होतं. चार तारा पुरेशा होतात हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. जास्त ते चांगलं, असा माझा सरळ हिशेब होता.

दुकान मिंगेल नावाच्या एका म्हाताऱ्याचं होतं. जुन्या घराच्या तळमजल्यावर, पाऊस आत येऊ नये म्हणून दार अर्धं लोटलेलं. बाबांनी आधी त्याच्याशी पावसाबद्दल बोलून घेतलं, मग आपली ऐपत कुठवर आहे ते हळूच सांगितलं. मिंगेलने मान हलवली आणि तीन गिटारी आणून माझ्यासमोर ठेवल्या. एक काळी, पाच तारांची, नवीकोरी. माझ्या चित्रातल्या गिटारीची सख्खी बहीण. दुसरी लाल, कोणा बोटीवरच्या माणसाने परदेशातून आणलेली आणि वापरून विकलेली. तिसरी तपकिरी, चार तारांची, आखूड मानेची, अंगावर धड चकाकीही नाही. मी काळीला हात घातला. मिंगेलने वायर मात्र दिली नाही. "पयलीं अशीच वाजय, बाय," तो म्हणाला. "वायर लायली म्हणटकच सगळ्यो बऱ्यो दिसतात."

मी पट्टा गळ्यात अडकवून उभी राहिले. तो म्हणाला, आता डावा हात सोड. सोडला, तर काळी गिटार मान खाली घालून जमिनीकडे निघाली. दोन तास उभं राहून वाजवायचं म्हणजे अर्धा वेळ तिला सावरण्यातच जाणार. शिवाय पाच तारांसाठी मान इतकी रुंद की माझा अंगठा मागून पुरेना, आणि कडेवरून बोट फिरवलं तर पट्ट्यांची टोकं टाचणीसारखी टोचली. लाल गिटारीचा आवाज... तो आवाज मी अजून विसरले नाही. पण ती भली जड होती, आणि पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं की करंगळीला चौथी पट्टी गाठता येईना. मिंगेलने तिची मान डोळ्यासमोर धरून, सुतार फळी बघतो तशी बघितली आणि स्वतःच बाजूला ठेवली. "वांकडी जाल्या मगे," म्हणाला, जसं काही त्याला ते आत्ताच कळलं. तपकिरी गिटार गळ्यात घातली, हात सोडला. ती होती तिथे राहिली. बोटं जिथे ठेवायची तिथे आपसूक पडत होती, तारा लाकडाला जवळ, खुंट्या घट्ट. तिच्यात वाईट असं काहीच नव्हतं, आणि मला नेमका त्याचाच राग येत होता.

मी पुन्हा काळीकडे बघायला लागले तेव्हा बाबा पुढे आले. त्यांनी तपकिरी गिटार माझ्याकडून घेतली, तिचं अंग कानाशी धरलं आणि बोटाच्या पेराने टकटक केली. मग काळी घेतली, तिलाही टकटक. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक हसलं. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, ते मडकं न्हय!" मी दबक्या आवाजात म्हटलं. बाबांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तपकिरी माझ्या हातात देऊन म्हणाले, "हिच्या आंगात आवाज फिरता. काळी मोनी आसा." मग माझी पडलेली मान बघून त्यांना वाईट वाटलं असावं, हळूच पुढे म्हणाले, "तुका काळीच जाय तर काळी घे." तसं म्हणाले नसते तर मी हट्ट धरला असता. तसं म्हणाले म्हणून मी तपकिरी घेतली. पिशवीत भरताना मिंगेलने एकच गोष्ट बजावून सांगितली, मला नव्हे, बाबांना: "हिका ओल लागूंक दिवं नाकात." मी तेव्हा दाराशी उभी राहून बस चुकेल म्हणून पाय आपटत होते.

येताना बसमध्ये गिटार मांडीवर होती आणि माझ्या मनातून काळी जात नव्हती. त्या संध्याकाळी मी तपकिरीला स्पीकर जोडला, जाड तार छेडली आणि मग आईने जेवायला तीनदा हाका मारल्या तरी उठले नाही. सुरेखपणात ती कमी होती, पण माझ्या हाताचं ऐकत होती. जे जुनीवर मला येत नाही असं वाटत होतं, त्यातलं निम्मं मला आधीपासूनच येत होतं, असं मला त्या श्रावणात कळत गेलं. गोदामात प्रकाश गाता गाता मागे वळून बघायला लागला. सांखळीच्या मुलाचं नाव राजनदादाने पुन्हा काढलं नाही. मी नुसती हुरहुरत होते. कधी एकदा चवथ येते असं झालं होतं. श्रावणाच्या शेवटी पावसाने जोर धरला, भिंती घामेजल्या, माझ्या जुन्या स्पीकरचा कागद ओला पडला आणि आवाज ढब ढब येऊ लागला. "आवाजच बसलाय हिचा!" असं मी दिवसातून कितीदा तरी ओरडत असे. ओरडायची मला सवयच होती. बाबा तेव्हा ओसरीवर घुमटांना नवं चामडं चढवत बसलेले असत.

आमचा गणपती दीड दिवसाचा. मूर्तीवरच्या माटोळीच्या चौकटीला टांगलेली तोरिंगणाची फळं, नारळ, सुपाऱ्या, आईच्या गोड नेवऱ्या, बाबांचं घुमट, सगळं आलं आणि नदीवर जाऊन संपलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बाजारात आमचा कार्यक्रम. सकाळी मी राजनदादाकडे स्पीकर उचलायला, वायरी अंथरायला गेले. गिटार घरीच ठेवली, कारण मंडपाचं छप्पर गळत होतं. जाताना बाबा मला म्हणाले, "मी येतंय आयकूक." त्यांनी माझं वाजवणं घराबाहेर कधी ऐकलं नव्हतं. मी "बरां" म्हटलं आणि पायऱ्या दोन-दोन करत उतरले.

परत आले तेव्हा गिटार खोलीत नव्हती. रिकामी पिशवी खाटेवर होती. स्वयंपाकघरात आई पाहुण्यांसाठी भाज्यांच्या खतखत्याचं मोठं भांडं ढवळत होती, चूल सकाळपासून धडधडत होती, आणि वर बांबूच्या मांडणीला, बाबांच्या उरलेल्या दोन घुमटांच्या मध्ये, सुक्या सुंगटांच्या शेजारी, माझी गिटार टांगलेली होती. मी स्टूल ओढलं, चढले, हात लावला. लाकूड कढत होतं. आई म्हणाली, "बाबांनी टांगल्यानी गो. आवाज बसलो म्हणून ऊब दिली. आरतीचां वाजप आसा म्हणून ते पलीकडे गेले." मी खाली उतरवली, मांडीवर घेतली. मानेवरची काळपट फळी अंगाकडच्या टोकाला सुटून वर आली होती. माझं नख आत गेलं. मान धनुष्यासारखी वाकली होती. तारा पुन्हा सुरात लावून मी तिसऱ्या पट्टीवर बोट दाबलं तर दाबलंच जाईना. दोन बोटांनी जोर लावला तेव्हा झणझण करून एक भलताच सूर आला.

मी किंचाळले. घुमटं उचलून अंगणात फेकावीत असं वाटलं, बाबा दारात आले असते तर मी काय बोलले असते देव जाणे. आईने चुलीतली लाकडं मागे ओढली, हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसली. "ताका आता सांगू नको," ती म्हणाली. "सकाळीच अंगरखो इस्त्री करून घेतलो तेणी. तुका आयकूक." मला तो अंगरखा मुळीच नको होता. मला माझी गिटार हवी होती. मी रडत, शिव्या घालत, उगाच हात चाळवत बसले होते आणि माझा अंगठा आपला मोकळ्या तारांवर पडत होता. ई. ए. डी. जी., चार तारांचे चार सूर. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की बोट न दाबता वाजवलेल्या चारही तारा खणखणीत बोलतायत.

तशीच गिटार पिशवीत कोंबून मी भिजत बाजारात पोचले. राजनदादाने मान बघितली आणि डोक्याला हात लावला. "दादा, चार सूर आसत," मी म्हटलं. "गाणी ह्या चार सुरांत बसव. तुज्या कीबोर्डाक बटण आसा." त्याच्या कीबोर्डला खरंच तसं बटण होतं, ते दाबलं की हात तिथेच राहतात आणि अख्खं गाणं वरच्या किंवा खालच्या पट्टीत सरकतं. साध्या गाण्याला खालून मुख्य असे तीनच सूर लागतात, आणि गाणं नीट पट्टीत आणलं तर ते तीन माझ्या मोकळ्या तारांवर मिळत होते. राजनदादाने ते बटण दाबून बघितलं. मंडपाच्या कडेला दोन-तीन पोरं उभी होती. त्यांतला एखादा सांखळीचा असेल अशी मला धाकधूक. प्रकाश तेवढ्यात उसळला, "आणि माझा गळा? त्याला काय बटण आहे?" राजनदादा म्हणाला, "तुज्या गळ्याक मी सांबाळतां. वेळ नाय आता. चड गो वयर."

मी चढले. दुसऱ्या रांगेत इस्त्रीच्या अंगरख्यात बाबा बसले होते, मांडीवर दोन्ही हात ठेवून. गाणी सुरू झाली. माझ्याकडे सूरच इतके कमी होते की प्रत्येक नीट जागेवर टाकणं भाग होतं. जिथे माझा सूर नव्हता तिथे मी तळव्याने तार दाबून गप्प राहायचे. पहिली दोन गाणी मी भीतीने वाजवली. तिसऱ्यापासून लोकांचे पाय हलताना दिसले. प्रकाश एका वरच्या जागी फाटला, पण त्याने ते असं हसून निभावलं की शिट्ट्या पडल्या. शेवटच्या गाण्याला मंडपातल्या बायकासुद्धा उभ्या राहिल्या. राजनदादाने उतरताना माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "फुडल्या आयतवारी मये गावात कार्यक्रम आसा. गिटार दुरुस्त करून घे." मला उडी मारावीशी वाटली. सकाळपासूनचा राग मात्र तसाच होता, आणि आनंदाबरोबर तोही वर येत होता. बाबा गर्दीत भेटले तेव्हा "चल, पावस येता" एवढंच बोलले, आणि घरापर्यंत आम्ही दोघं एका छत्रीतून चालत आलो.

सकाळी मी पाव घेऊन आले तर बाबा ओसरीच्या सोप्यावर, त्या बांधीव बाकावर, बसले होते. गिटार त्यांच्या मांडीवर आडवी होती. आतून आईच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"काल आवाज चडलो न्हय गो?" बाबांनी विचारलं.

मी रात्री ठरवून ठेवलं होतं काय काय बोलायचं ते. पण त्यांच्या अंगावर अजून तोच अंगरखा होता. "चडलो तर," मी म्हटलं.

"फट मारू नको, खोटां सांगू नको." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तुजो डावो हात काल एकदाय जाग्यावयल्यान हालूक नाय. घरात तू वाजवतस तेव्हा तो हात कसो धावता ता माका म्हायत आसा. मी जलमभर घुमट वाजयलां, बाय. माका हात बघूक कळतत. पयल्याच गाण्याक कळ्ळां. मागीर माका उठान वचूकय जायना आणि बसान रवकय जायना."

मी पावांची टोपली खाली ठेवली. त्यांचं बोट सुटलेल्या फळीच्या फटीवरून पुढे-मागे फिरत होतं.

"तो म्हातारो म्हणालो, ओल लावू नका," बाबा म्हणाले. "घरात सुकी जागा ती एकच. आणखी खंय ठेवची ता माका सुचूक नाय." मग त्यांनी मान वर केली. "आता तू सांग. हिका खंय ठेवूया?"

आमच्या घरात ट्रक कुठे उभा करायचा, घुमट कुठे टांगायचं, कोणी कुठे बसायचं, हे सगळं बाबा सांगत आणि आम्ही ऐकत असू. मला रडू फुटलं. लहान पोरीसारखी मी रडले, आणि रडता रडताच म्हटलं, "चुलीकडे नाका, बाबा. उनातय नाका. माज्या खोलीत, खाटीर, आडवी."

ते उठले. दोन्ही हातांवर गिटार घेऊन आत गेले, आणि मी मागोमाग गेले तर माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे होते.

"येऊ मगो भितर?" त्यांनी विचारलं.